मयताच्या सामानाला घासाघीस होत नाही

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक घासाघीस करत नाही. बांबू कितीचे, असं विचारतं, मी सांगते, ते पैसे काढून देतं. मेथीच्या जुडीला पाच रुपयांसाठी अडून बसणारी माणसं इथे सुट्टे परत घ्यायलाही थांबत नाहीत. दुसऱ्या दुकानात चौकशी करत नाहीत, आणि काही चुकलं तर तक्रार करायला परतही येत नाहीत. माझे सासरे म्हणायचे, “गिऱ्हाईक घासत नाही ना, मग भाव आपणच आपल्याशी घासायचा.”

जुन्या नाशकात, अमरधामच्या, म्हणजे स्मशानभूमीच्या, रस्त्याला आमचं अंत्यविधी साहित्याचं दुकान आहे. सासऱ्यांनी घातलं, मिस्टरांनी त्याला शववाहिनी जोडली, आणि ते गेल्यापासून गेली बारा वर्षं मी बघते. सुरुवातीला लोक दारात उभे राहून “मालक कुठायत?” विचारायचे. आता “मावशी आहेत का?” विचारतात.

हल्ली पाथर्डी फाटा, इंदिरानगर, आडगावकडची तरुण पोरं या कामात उतरली आहेत. एका फोनवर सगळं करून देतो म्हणतात. चांगलं आहे. घरटी दोन माणसं आणि चार नातेवाईक चार शहरांत, अशा दिवसांत कुणीतरी सगळं करून द्यायलाच हवं. त्यातले काही जण माझ्याकडून सामान नेतात, उभ्या उभ्या काही विचारतात, मीही उभ्या उभ्याच सांगते. तेच इथे सलग लिहिते आहे. दहन करणाऱ्या घरांपुरतंच लिहिते, दफनाचं काम मी फारसं केलेलं नाही.

फोन आला की

फोन करणारा बहुतेक वेळा घरातला नसतोच. शेजारी असतो, जावई असतो, ऑफिसातला मित्र असतो. म्हणून पहिल्यांदा “तुम्ही त्यांचे कोण?” हे विचारून घ्या. मग म्हणा, “आम्हाला बोलायला घरातला एकच माणूस ठरवून द्या.” तो माणूस मुलगा नसलेला बरा. मुलाच्या हातात त्या दिवशी शिकाळं (अग्नीचं मडकं टांगून न्यायचं) असतं, त्याच्या डोक्यात हिशेब घालू नये. माझ्या अनुभवात जावई सगळ्यात उत्तम: रडायचं कमी, धावायचं जास्त, आणि पैशाचं बोलायला कचरत नाही.

नवीन पोरं लगेच विचारतात, “किती वाजता न्यायचं?” हा प्रश्न पाचवा-सहावा आहे. आधी विचारायचं, कुठे गेले? घरी की दवाखान्यात? आणि डॉक्टरांचा दाखला हातात आहे का?

दवाखान्यात मृत्यू झाला तर तिथले डॉक्टर नमुना ४ भरून देतात. घरी झाला तर ज्यांचे उपचार चालू होते ते डॉक्टर नमुना ४-अ देतात. घरच्यांना यातलं काही ठाऊक नसतं. ते म्हणतात, “अहो ब्याण्णव वर्षांचे होते, दाखला कशाला?” वय ब्याण्णव असो नाहीतर बावीस, दाखल्याशिवाय अमरधामात नोंद व्हायची नाही. तेव्हा बांबू काढायच्या आधी त्यांना फॅमिली डॉक्टरला फोन करायला लावा. पहाटे तीनला गेलेल्या माणसासाठी डॉक्टर सहाला येतात, तोवर घरात करण्यासारखं काही नसतं. हे शांतपणे सांगितलं की लोकांचा जीव थोडा खाली बसतो.

पडणं, भाजणं, विष, फास, अपघात, साप, यातलं काहीही कानावर आलं तर गाडी हलवायची नाही, आधी पोलीस. आमच्या हातून हे एकदा चुकलं आहे. सिडकोतल्या एका घरची तिरडी बांधून झाली, गाडीत चढली, लोक निघाले. वाटेत पुढे बसलेला भाचा ड्रायव्हरला सहज म्हणाला, आजी परवा जिन्यावरून पडल्या होत्या, तेव्हापासून बोलत नव्हत्या. दाखल्यावर नुसतं ‘वृद्धापकाळ’. अमरधामच्या दारातून गाडी सिव्हिल हॉस्पिटलकडे वळवावी लागली. पंचनामा, शवविच्छेदन, सगळं उरकून दहन झालं तेव्हा अंधार पडला होता. त्या घरच्या बायका दिवसभर पाण्याशिवाय ताटकळल्या, आणि त्या आजीची बांधलेली तिरडी मी माझ्या हाताने सोडली. तेव्हापासून मी सरळ विचारते: “पडले-बिडले होते का? लागलं होतं का?” (पोलीस अशा मृत्यूच्या चौकशीला पूर्वी कलम १७४ म्हणायचे. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला, त्यात ते कलम १९४ झालं. ठाण्यात जाताना हा आकडा माहीत असला की आपल्याशी जरा नीट बोलतात.)

पुढचा प्रश्न नेत्रदानाचा. तो उशिरा विचारून उपयोग नाही, कारण डोळे साधारण सहा तासांच्या आत घ्यावे लागतात. विचारायची एक पद्धत आहे. “तुम्ही डोळे देणार का?” असं म्हटलं की मुलं एकमेकांकडे बघतात आणि कुणी हो म्हणत नाही. “डोळे द्यायची त्यांची इच्छा होती का?” असं म्हटलं की कुणाला तरी आठवतं की बाबांनी कुठलातरी फॉर्म भरला होता. हो म्हणाले तर लगेच सांगा: पंखा बंद करा, पापण्या मिटवून त्यावर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असलं, चष्मा असला तरी चालतं. नेत्रपेढीचे लोक घरी येतात, अर्ध्या तासाचं काम असतं, चेहरा विद्रूप होत नाही. नाही म्हणाले तर दुसऱ्यांदा विचारायचं नाही.

आणि पेसमेकर. “छातीत मशीन बसवलं होतं का?” असं विचारा, पेसमेकर हा शब्द सगळ्यांना कळतोच असं नाही. त्याची बॅटरी आगीत फुटते. मी तो आवाज ऐकला आहे. चितेभोवती उभी असलेली माणसं दचकून मागे सरकली, आणि मुलाने जे तोंड केलं ते मला अजून दिसतं. माझीच चूक होती, विचारायला हवं होतं. दवाखान्यातच डॉक्टरांकडून ते काढून घ्यायला सांगायचं. घरी मृत्यू झाला असेल तर दाखला द्यायला येणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवायचं.

बिल भरेपर्यंत बॉडी मिळणार नाही, असं एखाद्या दवाखान्याने सांगितलं की घरचे आपल्याकडे बघतात. आपण भांडायला जायचं नसतं. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत मृतदेह ताब्यात मिळणं हा हक्क सांगितला आहे, एवढं जावयाच्या कानावर घालायचं. बाकीचं तो बोलतो.

आधी कागद, मग बांबू

माझ्या दुकानात भिंतीवर भावाचा कागद आहे. मोठ्या अक्षरात, मराठीत, एकेक वस्तू वेगळी. त्याचाच फोटो मी जावयाच्या मोबाइलवर पाठवते आणि म्हणते, यातलं नको असेल ते खोडा. दोन बांबू, कामट्या, सुतळी, कडबा, पांढरं कापड, मडकी दोन (एक अग्नीचं, एक पाण्याचं, आणि नवीन पोरं हमखास एकच नेतात), शिकाळं, गोवऱ्या, कापूर, राळ, तूप, तीळ, दर्भ, तुळस, हार, गुलाल, बुक्का. एवढंच असतं. एकही वस्तू अशी नाही की जिचा भाव लपवावा.

परवा एका पोराने मला त्याचं छापील पत्रक दाखवलं. सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. मी म्हटलं, बाबा, मरणात गोल्ड कुठून आलं? घरात आई गेलेली असताना मुलगा सिल्व्हर कसा निवडेल? त्याला वाटणार, आईसाठी कमी केलं. तो न बोलता प्लॅटिनमवर बोट ठेवणार आणि पुढे सहा महिने हप्ते भरणार. असं पत्रक काढणाऱ्याला हे चांगलं कळतं, म्हणूनच तो काढतो. एकच यादी ठेवा, एकच भाव ठेवा.

चंदनाचंही तसंच. कुणी हळहळून म्हणतं, चंदनाच्या चितेवर द्यायचं होतं. त्यांना एक बोटभर तुकडा द्या, छातीवर ठेवायला. तेवढ्याने मन भरतं.

लाकडाचं मात्र उघड सांगा. नाशिक महापालिकेची मोफत अंत्यसंस्काराची योजना आहे, अमरधामात लाकडासाठी घरच्यांनी पैसे मोजायची गरज नसते. कुठली कागदपत्रं लागतात, सध्या काय काय मिळतं, हे अमरधामच्या माणसाला विचारून आपल्या वहीत लिहून ठेवा, दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा विचारा. हे न सांगता लाकडाचे वेगळे पैसे लावणारे शहरात आहेत. त्यांच्याबरोबर मी चहा घेत नाही, यापलीकडे काही करू शकलेले नाही.

उरलेलं सामान परत घ्यायचं आणि पैसे परत द्यायचे. जावई नको म्हणतो. तरी द्यायचे.

“तुमच्याकडे कसं करतात?”

हे तीन शब्द पाठ करा. त्यांच्याशिवाय यादीला हात लावू नका.

दुकान हातात घेतलं त्या पहिल्याच वर्षाची गोष्ट. साठीच्या बाई गेल्या होत्या, फोन मुलीने केला होता, “आई गेली” एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मी आपली हिरवी साडी, खण, नारळ, हळदकुंकू, ओटीचं सगळं सामान पाठवून दिलं. वडील दोन वर्षांपूर्वीच वारले होते. घरातल्या म्हाताऱ्या बायकांनी ते सामान बघून जो गलका केला त्यात ती मुलगी आणखीच खचली. तेव्हा वाटलं, इथून पुढे विचारायचं, “सवाष्ण होत्या का?” मग लक्षात आलं, तो प्रश्नही टोचतो. आता मी विचारते, “ओटी भरायची आहे का?” हो म्हणाले तर हो. नवरा जिवंत आहे की नाही ही चौकशी माझ्या धंद्याची नाही. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा सासऱ्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. मी त्यांना कुंकू लावलं. कुणी काही बोललं नाही, आणि बोललं असतं तरी लावलंच असतं.

बौद्ध घरांत मडकं, शिकाळं, गुलाल यातलं काही नको असतं. पांढरं कापड, पांढरी फुलं, मेणबत्त्या, अगरबत्ती, आणि त्रिशरण-पंचशील म्हणायला भन्तेजी किंवा बौद्धाचार्य येतात. त्यांना बोलावायचं तर आपल्याकडे नंबर हवा. वारकरी घरात तुळशीची माळ आणि बुक्का विसरून चालत नाही, आणि टाळ-मृदंग असेल तर वेळ अर्धा तास जास्त धरायचा, भजन तोडायचं नाही. सत्यशोधक पद्धतीने करणारे असतात, काहीच विधी न करणारे असतात. त्यांना “निदान पाणी तरी पाजा” असला आगाऊपणा करू नका.

मुलीने अग्नी देण्याचं विचाराल तर पूर्वी वर्षातून एखादी असायची, आता अप्रूप राहिलेलं नाही. तरी दारात काका लोकांची कुजबुज होतेच. तिथे आपण फक्त एक करायचं: शिकाळं कुणाच्या हातात द्यायचं हे घरून निघतानाच जावयाला विचारून ठेवायचं आणि थेट त्याच हातात द्यायचं. अमरधामात चर्चेला जागा ठेवायची नाही.

पंचकाचं आपणहून काढू नका. धनिष्ठेच्या उत्तरार्धापासून रेवतीपर्यंतची नक्षत्रं म्हणजे पंचक, त्यात गेलेल्याबरोबर दर्भाचे पाच पुतळे ठेवतात. घरच्यांनी विचारलं तर पुतळे द्या, दर्भाची एक जुडी पुरते. “पंचक आहे, घरात आणखी पाच जण जातील” अशी भीती घालून हजारांची शांत गळ्यात मारणारे मी पाहिले आहेत.

लाकूड की दाहिनी

हा निर्णय घरच्यांचा, पण त्यांना दोन्हींतलं खरं माहीत हवं. इथे पोरं कमी पडतात, कारण त्यांनी स्वतः शेवटपर्यंत थांबून पाहिलेलं नसतं. पहिल्या महिन्यात दोन्ही प्रकारचं दहन सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा उभं राहून बघा.

लाकडाची चिता म्हणजे साधारण आठ मण लाकूड, तीनशे किलोच्या आसपास. मुख्य जळण तीन-चार तासांचं, पूर्ण विझून गार व्हायला दुसरा दिवस. अस्थी तिसऱ्या दिवशी सावडायची रीत आहे, घाईच्या घरांत दुसऱ्याच दिवशी सावडतात. पावसाळ्यात लाकूड ओलसर असतं, शेड असली तरी वाऱ्याने शिंतोडे येतात. तेव्हा राळ आणि कापूर दुप्पट न्यायचा, गोवऱ्या प्लास्टिकच्या गोणीत झाकून न्यायच्या.

दाहिनीत, म्हणजे विजेच्या किंवा गॅसच्या भट्टीत, दीड तासाच्या आत काम होतं आणि अस्थी त्याच दिवशी मिळतात. पुण्या-मुंबईला किंवा परदेशी परत जाणाऱ्यांना हे सोयीचं पडतं. झाडंही वाचतात, आणि आजकाल गेलेल्या माणसानेच तसं सांगून ठेवलेलं असतं. पण घरात कुणीतरी वडीलधारं विचारतंच, “विधी होतो का हो त्यात?” होतो. पाणी पाजता येतं, मडकं खांद्यावर घेऊन तीन फेरे मारता येतात, अश्म्याने (विधीच्या दगडाने) भोकं पाडून मडकं फोडता येतं, छातीवर कापूर ठेवून अग्नी देता येतो. कपालक्रिया, म्हणजे चितेवर कवटी फोडायचा विधी, मात्र होत नाही. हे आधीच सांगा. लपवलं तर तो वडीलधारा दहाव्याला सगळ्यांसमोर काढतो.

आणखी एक गोष्ट कुणीच सांगत नाही. दाहिनीचं दार वर जातं तेव्हा आतली लालभडक भट्टी दिसते, झळ अंगावर येते, आणि ट्रॉली खडखडत झपकन आत जाते. चिता हळूहळू पेटते, माणसाला मन आवरायला वेळ देते. इथे अर्ध्या मिनिटात दार बंद. त्या अर्ध्या मिनिटात मी बायांना, धडधाकट पुरुषांना खाली बसलेलं पाहिलं आहे. म्हणून मी आधी सगळ्यांना बाजूला घेऊन सांगते: “दार उघडेल, आवाज होईल, पटकन आत जाईल. ज्यांना बघायचं नाही त्यांनी आत्ताच नमस्कार करून मागे व्हा.” निम्मे लोक मागे होतात. शेवटचं बघायला म्हणून पुढे आलेल्या लहान पोरांना मात्र कुणीतरी धरून ठेवायला हवं.

दाहिनी दुरुस्तीला बंद असू शकते. घरून निघण्याआधी अमरधामला फोन करायचा, आदल्या दिवशीच्या माहितीवर गाडी काढायची नाही.

अंगावरच्या शालींचं. आपल्याकडे येणारा प्रत्येक जण शाल पांघरतो, सोसायटीची, मंडळाची, पक्षाची, बँकेची. सगळ्या पॉलिस्टरच्या. त्या जळत नाहीत, वितळून चिकटतात, आणि काळा धूर येतो. चितेवर ठेवण्याआधी सगळ्या काढायच्या, एक सुती कापड ठेवायचं. प्लास्टिकचे हार, चष्मा, खिशातला मोबाइल (एकदा वाजला होता, खरंच) काढायचे. दागिने घरच्यांच्या हातात, दोन साक्षीदारांसमोर मोजून.

जिना, लिफ्ट आणि ‘अमरधाम’

तिरडी असते सात फूट, लिफ्ट असते चार फूट. तरी लोक सातव्या मजल्यावर हॉलमध्ये तिरडी बांधायला बसतात. तिरडी पार्किंगमध्ये बांधा. वरून पट्ट्यांच्या स्ट्रेचरवर चार जणांनी जिन्याने आणायचं, पाय पुढे, डोक्याकडचा माणूस अनुभवी. लिफ्टमध्ये उभं करून आणण्याचा प्रकार करू नका. कुणा ना कुणाची नजर पडते आणि ती आयुष्यभर राहते.

नातेवाईक कसाऱ्याच्या घाटात अडकलेले असतात. शीतपेटी लागणार का, हे पहिल्या फोनवरच विचारा, कारण ती घरात नेऊन लावायला जागा आणि प्लग दोन्ही लागतं, इन्व्हर्टरवर तिचा भरवसा धरू नका.

निघायची वेळ एकच ठरवा आणि निरोपाचा मजकूर आपणच लिहून द्या, घरच्यांचे हात थरथरत असतात. त्यात नुसतं ‘अमरधाम येथे’ लिहू नका. नाशिकचं अमरधाम, पंचवटीचं, सिडकोचं, नाशिकरोडचं, सातपूरचं, या शहरात अमरधामं काही एकच नाहीत. सख्खा भाऊ पंचवटीच्या अमरधामात हार घेऊन उभा आणि चिता इकडे पेटलेली, असं झालेलं आहे.

सिंहस्थ कुंभमेळ्यात पर्वणीच्या, म्हणजे मोठ्या स्नानाच्या, दिवशी गोदाकाठचे रस्ते गाड्यांना बंद असतात. २०१५ मध्ये आम्ही पोलिसांकडून आधी वाट विचारून ठेवल्याने निभावलं. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरासाठी आत्ताच विचार करून ठेवा, घाटापासून लांबचं अमरधाम कुठल्या घराला जवळ पडेल याची यादी करा.

रामकुंड

अस्थींच्या मडक्यावर नाव लिहिलेली चिठ्ठी हवीच, आणि ती मडक्याला बांधलेली हवी, लाल कापडावर नुसती खोचलेली नको. एका माणसाने एका वेळी दोन घरांची मडकी उचलायची नाहीत, दोन्ही हात रिकामे असले तरी.

रामाने दशरथाचं श्राद्ध गोदावरीतल्या या रामकुंडावर केलं अशी श्रद्धा आहे, अस्थिविलय कुंडात अस्थी विरघळतात अशी श्रद्धा आहे, म्हणून देशभरातून लोक अस्थी घेऊन नाशकात येतात. बाहेरगावच्या घराला तुम्ही सेवा देत असाल तर दोन गोष्टी सांगा. एक, तीर्थोपाध्यांकडे वंशावळीच्या वह्या असतात, आपलं गाव आणि आडनाव सांगून आपले उपाध्ये कोण ते विचारा. कधी कधी पणजोबाची सही निघते, आणि रडणारा माणूस त्या वहीपुढे गप्प होऊन बसतो. दोन, दक्षिणा विधीच्या आधी ठरवा, पिंड मांडून झाल्यावर नको.

उपाध्यांकडून किंवा केटररकडून कमिशन घेऊ नका. मी घेतलं आहे, तीन महिने, मिस्टर गेल्यानंतर पैशाची ओढ होती तेव्हा. त्या तीन महिन्यांत मी गिऱ्हाइकाला जे उपाध्ये सुचवत होते ते चांगले म्हणून सुचवत होते की पाकिटासाठी, हे माझं मलाच सांगता येईना. मग सोडलं.

रक्षा सगळी पाण्यात नको. मूठभर अस्थी कुंडात, बाकी रक्षा शेतात किंवा खड्डा करून वर झाड. निफाड, दिंडोरीकडचे शेतकरी हे आपणहून करू लागले आहेत. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना जागा नसते, त्यांना आधी सुचवलं तर गावाकडच्या चुलतभावाला फोन करतात.

पावसाळ्यात दहाव्याची तारीख सांगताना गंगापूर धरणातून किती विसर्ग चालू आहे ते बघा. नदीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेच्या वर पाणी असेल तर घाटावर विधी कुठे होणार हे आदल्या दिवशी उपाध्यांकडून कळवून घ्या. भिजलेले वीस लोक आणि एक म्हातारी आजी घेऊन सकाळी सातला जागा शोधत फिरणं बरं नाही.

नंतरचं

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. दवाखान्यात गेले असतील तर दवाखाना कळवतो, तरी झाली का ते बघायला सांगा. घरी गेले असतील तर घरच्यांनीच कळवायचं. मृत्यू जिथे झाला तिथेच नोंद होते, दहन कुठे झालं याला अर्थ नाही. सिन्नरचा माणूस नाशिकच्या दवाखान्यात गेला आणि दहन सिन्नरला झालं तर घरचे सिन्नरला खेटे घालत बसतात, नोंद असते नाशिक महापालिकेत. नाव आधार कार्डावर आहे त्याच स्पेलिंगने घालायचं. अमरधामच्या नोंदीत ‘बापू’, आधारवर ‘ज्ञानेश्वर’, आणि सातबाऱ्यावर ‘ज्ञानोबा’ असं झालं की वारस नोंदीला वर्ष जातं. नोंदीनंतर मिळणाऱ्या मृत्यूच्या दाखल्याच्या निदान पाच-सहा प्रती घ्यायला लावा: बँक, विमा, पेन्शन, तलाठी, सोसायटी.

पंधराव्या-सोळाव्या दिवशी मी एकच फोन करते, जावयाला. “दाखला मिळाला का?” दुसरं काही विचारत नाही. निम्म्या घरांत मिळालेला नसतो, आणि अजून पाच-सहा दिवस हातात असतात.

मग तो नंबर मोबाइलमधून काढून टाकते. त्या घराला दिवाळीच्या शुभेच्छा पाठवू नका, नव्या वर्षाच्या तर नकोच. आमच्या दुकानाच्या नावाने मेसेज आला की माणसाच्या पोटात गोळा येतो. आणि बिलबुक छापून आणाल तर छापखान्यातून उचलायच्या आधी खालची ओळ वाचा. माझ्या पहिल्या बिलबुकावर त्या माणसाने सवयीने ‘धन्यवाद, पुन्हा भेट द्या’ असं छापलं होतं. शंभर पानं मी एका रात्रीत पेनाने खोडली.